ताईंची मंगळवार सकाळ

मी एक जुनी लिंक आहे. निळ्या अक्षरांची, खाली रेघ ओढलेली. मित्रांनो, माझ्यासारख्या कितीतरी जणींवर तुम्ही बोट दाबले असेल आणि लगेच विसरूनही गेला असाल. त्याचा मला राग नाही. उंबरठ्यावर कोणी मुक्काम करत नाही, तसेच लिंकवरही कोणी थांबत नाही.

माझे काम साधे आहे. मला दाबले की महिन्याचे पान उघडते. त्यात मोकळ्या वेळा हिरव्या दिसतात. हवी ती वेळ निवडायची, नाव लिहायचे, कशासाठी यायचे ते लिहायचे, की झाली भेट पक्की. ज्यांच्यासाठी मी जन्मले, त्या बाई कमी ऐकू येणाऱ्यांना कानाचे मशीन बसवून देत असत. सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते.

ताईंचे दुकान दोन खोल्यांचे होते. पुढे चार खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा. मागच्या खोलीच्या भिंतींना जाड फोम लावलेला, म्हणजे रस्त्याचा आवाज आत येऊ नये. टेबलावर बोटभर लांबीचे ब्रश, मशीनमधला मळ काढायच्या बारीक तारा आणि चपट्या, गोल बॅटऱ्या. मशीन नीट बसावे म्हणून ताई कानात मऊ गुलाबी लगदा भरून साचा घेत. "हलू नका, बोलू नका, हसू तर मुळीच नका," असे बजावत आणि मग स्वतःच काहीतरी बोलून समोरच्याला हसवत.

पण भेटीची वेळ ठरवायची म्हणजे ताईंची परीक्षाच असे. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांनीच फोन करायचा! ताई इकडून ओरडत, माणूस तिकडून ओरडे, आणि शेजारचा झेरॉक्सवाला दारात येऊन विचारी, "ताई, भांडण झालं का कुणाशी?" एवढे करून माणूस भलत्याच दिवशी येऊन बसे.

ताईंची धाकटी बहीण दुसऱ्या शहरात एका कचेरीत नोकरी करत होती. एका रविवारी ती ताईंकडे आली आणि हा तमाशा बघून तिने कपाळावर हात मारला.

"अगं ताई, घसा बसेल तुझा. मी तुला एक लिंक करून देते. लोक आपापली वेळ घेतील आणि गुपचूप येतील."

त्या दुपारी माझा जन्म झाला. धाकटीने सगळे नीट बसवले. एका भेटीला किती वेळ, दोन भेटींच्या मध्ये किती फट, आणि पुढच्या दोन महिन्यांच्या वेळा खुल्या. मग तिने ताईंना जवळ बसवून सांगितले, "हे बघ, तुझ्या कॅलेंडरमध्ये जिथे रिकामं असेल, तिथे ही वेळ देणार. तुझं स्वतःचं काही काम असलं तर आधी तिथे लिहून टाकायचं. मग ती जागा कुणालाच दिसणार नाही. कळलं?"

"माझं कसलं आलंय स्वतःचं?" ताई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

मित्रांनो, जन्मल्याबरोबर मी हे वाक्य ऐकले. तेव्हा मला त्यात काहीच वावगे वाटले नाही.

माझे पहिले दिवस फार सुखाचे गेले. ताईंनी मला कार्डावर छापून घेतले, दारावर चिकटवले. फोनची घंटा थांबली. वर्षानुवर्षे फोनला भिणारी माणसे मला दाबून निवांत वेळ घेऊ लागली. माझा सगळ्यात जुना भक्त म्हणजे शिंपीकाका. ते 'कशासाठी' या चौकटीत पत्र लिहावे तसे लिहीत: 'मशीन शिट्टी वाजवते. पत्नी हसते. कृपया बघावे.' काकांना एक खोड होती. ऐकू आले नाही की ते मान डोलावत आणि "हो हो" म्हणत. ताई त्यांना दटावत, "काका, मान नका हलवू. ऐकलंत का ते सांगा." त्यावरही काका म्हणत, "हो हो."

लोक ताईंना म्हणत, "ही लिंक फार सोयीची झाली हो." मी मनातून फुलून जाई. ताईंच्या कॅलेंडरात एकही रिकामी जागा उरू द्यायची नाही, हेच मला माझे कर्तृत्व वाटत होते.

एका दुपारी ताई एका बाईंना आरशासमोर बसवून मशीन कसे अडकवायचे ते शिकवत होत्या. "असं वरून आणायचं, कानामागे बसवायचं," म्हणत त्यांनी स्वतःच्या कानामागे बोट नेले. बोट थोडे खाली घसरले आणि तिथेच थांबले. कानाखाली एक बारीक, टणक गाठ होती. दुसऱ्या कुणाला अशी गाठ लागली असती, तर ताईंनी त्याला हाताला धरून दवाखान्यात नेले असते. स्वतःची गाठ त्यांनी पदराखाली झाकली आणि पुढच्या माणसाला आत बोलावले.

गाठींचे डॉक्टर फक्त मंगळवारी सकाळी बघत. आणि मंगळवारच्या जवळजवळ सगळ्या सकाळी मी वाटून टाकल्या होत्या.

"दुखत नाही गं," ताईंनी फोनवर धाकटीला सांगितले.

"दुखत नाही म्हणूनच जा. एका मंगळवारी दुकान बंद ठेव."

"लोकांनी वेळ घेतलीय. एकदा दिलेली वेळ आता कुठल्या तोंडाने मोडू?"

धाकटी चिडली. "मग तूही लिंकवरूनच वेळ घे! उभी राहा रांगेत!"

ती रागाने बोलली, पण ताईंना ते पटले. लिंकवरून घेतलेली वेळ मोडायची नाही, हा त्यांचा नियमच होता. आपणही तशीच रीतसर वेळ घेतली, की ती आपल्याकडूनही मोडली जाणार नाही, असा त्यांचा भाबडा हिशेब. त्यांनी चष्मा पुसला आणि मला दाबले. पहिली मोकळी मंगळवार सकाळ जवळजवळ दोन महिन्यांवर होती. त्यांनी ती घेतली. 'कशासाठी' या चौकटीत त्यांनी लिहिले: 'स्वतःसाठी'.

मी त्यांना निरोप पाठवला, 'तुमची भेट निश्चित झाली आहे.' तो वाचून ताई एकट्याच हसल्या. धाकटीला त्यांनी कळवले, "घेतली बाई वेळ."

त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी शिंपीकाका वेळ न घेता आले. मशीन बादलीत पडले होते आणि मुके झाले होते. नवे बसवायला हवे होते. काका हात जोडून म्हणाले, "ताई, बायको अंथरुणाला खिळलीय. मला हाक मारते आणि मी पाठ करून शिवत बसतो. काल तहानलेली पडून होती. आता कसं करू?"

ताईंनी मला उघडून पाहिले. कुठेही जागा नव्हती. दुसऱ्या कुणाची वेळ मोडायला त्यांचा हात धजेना. स्वतःची मात्र त्यांनी एका बोटाने मोडली आणि तिथे काकांचे नाव घातले. मला जसे शिकवले होते तसा मी ताईंना निरोप पाठवला, 'तुमची भेट रद्द झाली आहे. नवी वेळ घेण्यासाठी येथे दाबा.'

त्यांनी दाबले. पुन्हा दोन महिने. त्याही वेळी कुणीतरी रडत आले आणि ताईंनी पुन्हा आपलीच वेळ दिली. धाकटी फोनवर विचारी तेव्हा त्या म्हणत, "घेतलीय गं वेळ." त्यात खोटे काहीच नव्हते. दरम्यान गाठ पदराखाली मावेनाशी झाली.

शेवटी धाकटी न सांगता आली आणि ताईंना ओढूनच घेऊन गेली. दोघी परत आल्या तेव्हा ताई खुर्चीत बसल्या, दिवा न लावता.

"डॉक्टर म्हणाले, इतके दिवस कुठे होतात," धाकटी ओरडली. "त्यांना काही सांगायचंस तरी!"

"काय सांगू? वेळ नव्हती म्हणून?"

त्यानंतर ताई दुकानात आल्या नाहीत. दवाखान्याच्या खाटेवर बसून त्या एकेकाची वेळ मोडत आणि खाली माफी मागत. पण एक वेळ मोडली की कॅलेंडरात तिथे रिकामे होई. रिकामे दिसले की मी ते हिरवे करी, आणि कुणी नवा माणूस ती वेळ घेई. ताई पुन्हा मोडत, पुन्हा माफी मागत. मला बंद कसे करायचे ते त्यांना ठाऊक नव्हते. धाकटी म्हणाली, "मी बघते," पण औषधे आणण्यात आणि डॉक्टरांच्या मागे धावण्यात ते राहूनच गेले. तिला दोष देऊ नका. एक दिवस माफीचे निरोप थांबले. माझा पासवर्ड ताईंबरोबर गेला.

दुकानाच्या दाराला आता कुलूप आहे. त्यावर धाकटीने एक कागद लावला आहे. रडता रडता तिला एकच शब्द लिहिता आला: 'बंद'.

परवा शिंपीकाका आले. त्यांचे मशीन पुन्हा मुके झाले होते. मंगळवार सकाळची वेळ त्यांना सहज मिळाली होती. फोनवर माझा निरोप उघडा ठेवून ते दारापाशी उभे राहिले, म्हणून मी सगळे पाहिले. झेरॉक्सवाला बाहेर आला.

"काका, ताई वारल्या हो! महिना झाला!"

काकांनी मान डोलावली. "हो हो. येतील. वेळ घेतलीय मी." आणि त्यांनी मला त्याच्यापुढे धरले: 'तुमची भेट निश्चित झाली आहे.'

झेरॉक्सवाला आणखी मोठ्याने ओरडला. हातवारे केले. तेवढ्यात त्याचे गिऱ्हाईक आले आणि कागदावर लिहून दाखवायचे राहूनच गेले. काका पुन्हा "हो हो" म्हणाले आणि पायरीवर रुमाल पसरून बसले. दुपारी ते उठले. ताई आज कामात असतील, असे समजून त्यांनी मला दाबले आणि पुढच्या मंगळवारची वेळ घेतली. घरी त्यांची पत्नी त्यांना हाका मारत असेल.

मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. मला रिकामी जागा दिसते, त्या जागेमागचे माणूस दिसत नाही. म्हणून तुम्हाला एवढेच विनवते. माझ्यासारखी एखादी तुमच्या घरी आणाल, तेव्हा ती कुणालाही देण्याआधी तुमच्या आईची, ताईची, वडिलांची एक सकाळ तिच्यावर लिहून टाका, आणि ती कुणालाही मोडू देऊ नका. त्यांनाही नाही.

आमच्या ताईंना आता त्याचा उपयोग नाही. त्यांना हवी होती ती मंगळवार सकाळ माझ्याकडे मोकळी आहे. त्याच्या पुढचीही. सगळ्याच.