नाताळात अडकलेला सूर

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. तुम्ही मला हार्मोनियम म्हणत असाल. काष्टीत पुष्पाबाईंच्या घरी खिडकीखालच्या पाटावर माझी जागा आहे. माझ्या डाव्या बाजूचं पॉलिश गेलं आहे आणि दोन पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत. पेटीनं गोड वाजावं, मनात काही धरून ठेवू नये, असं तुम्हाला वाटत असेल. मी धरून ठेवलं. एका माणसावर मी डूख धरला आणि त्याचा सूड घेतला. तो कसा घेतला, ते ऐका.

नगरला माळीवाड्यात राधाकृष्ण मिस्त्रींनी मला घडवलं. सागाची फळी ते दोन उन्हाळे सुकवायचे आणि मगच तिला करवत लावायचे. माझा एकेक सूर त्यांनी कानाशी धरून घासला होता. भिमाजी नावाच्या शेतकऱ्यानं मला तिथून काष्टीला आणलं. दिवसभर त्याचे हात मातीत असत, पण मला हात लावायच्या आधी तो ते साबणानं धुवायचा. देवळातल्या सप्त्यात आम्ही दोघं बसलो की मागची माणसं पुढं सरकायची.

त्याला एकच मुलगी होती, पुष्पावती. सगळे तिला पुष्पी म्हणत. भिमाजी तिला मांडीवर घेऊन भाता हलवायचा आणि ती पट्ट्या दाबायची. ती नऊ वर्षांची असताना तो माझा भाता बदलायला नगरला गेला. मिस्त्री वरची फळी बसवणार, तेवढ्यात त्यानं त्यांच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि माझ्या आत लिहिलं, 'ही पेटी माझी मुलगी पुष्पी हिची. भिमाजी, काष्टी.'

मिस्त्री हसले. "अहो, आत कोण बघणार?"

"पेटी बघंल की," भिमाजी म्हणाला.

दोन वर्षांनी तो तापानं गेला. त्याची बायको भागूबाई आणि पुष्पी, दोघीच राहिल्या. भागूबाई दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपायला जायची. पुष्पी नगरच्या वसतिगृहात राहून शिकू लागली. सुट्टीला घरी आली की हातपाय धुवून आधी माझ्यापाशी बसायची.

१९७० साली नगरमध्ये एक समिती निघाली. जिल्ह्यातला एक विद्यार्थी वर्षभर परदेशात पाठवायचा, तिथल्या एका घरात त्यानं राहायचं आणि शाळा शिकायची, अशी ती योजना होती. प्रत्येकानं आपल्या मातीतली एक कला दाखवायची होती. पुष्पी मला मांडीवर घेऊन एसटीनं नगरला गेली. समितीच्या अध्यक्षा केशरबाई मुख्याध्यापिका होत्या. पुष्पीनं बापाचं आवडतं भजन वाजवलं. संपल्यावर केशरबाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. निकाल कळवू, असं त्यांनी सांगितलं.

त्या समितीत आमच्या गावचे आप्पासाहेब होते. गावात त्यांचा शब्द चालायचा. निकाल घेऊन तेच भागूबाईकडे आले.

"पोरगी हुशार हाय, पण नाव बसलं न्हाई तिचं," ते म्हणाले. "आमच्या कुमुदचं बसलं. जाऊ द्या, गावचीच पोर चाललीय. तेवढी पेटी द्या वर्षासाठी. गावाचं नाव हुईल."

भागूबाईनं मला पुसलं, हळदकुंकू लावलं आणि दिलं. पुष्पी भिंतीकडं तोंड करून उभी होती.

कुमुद आप्पासाहेबांची मुलगी, पुष्पीच्याच वर्गातली. तिनं पेटीला कधी बोट लावलं नव्हतं. तीन आठवडे एक मास्तर येऊन तिला दोन भजनं शिकवत होता. मी आप्पासाहेबांच्या दिवाणखान्यात होते. तिथंच एका दुपारी त्यांची बायको छबूबाई त्यांना म्हणाली, "भागूच्या पोरीचं नाव आलं हुतं म्हनं. खरं का?"

"आलं हुतं," आप्पासाहेब म्हणाले. "मी समितीला कळवलं, आईची परवानगी न्हाई म्हनून. दुसरं नाव मी आपल्या कुमुदचं लावून ठेवलं हुतं. खुरपनाऱ्या बाईची पोर इमानात बसून काय करनार हाय?"

शेजारच्या खोलीत कुमुद कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. तिनं सगळं ऐकलं होतं. दाराशी येऊन तिनं माझ्याकडं पाहिलं आणि परत आत गेली. ती एक शब्द बोलली नाही. मला तर बोलता येत नव्हतं. कुणी दाबल्याशिवाय मला सूर नाही आणि भाता हलवल्याशिवाय श्वास नाही. त्या दुपारी मी ठरवलं, या घरातलं कुणी मला चारचौघांत वाजवायला बसलं, की मी बघून घेईन.

ऑगस्टमध्ये कुमुद मला घेऊन डेन्मार्कला गेली. तिथल्या एका लहान गावात कारेनबाईंच्या घरी ती राहिली. घरात कारेनबाई, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा आणि वडील येन्स एवढी माणसं होती. येन्सआजोबांनी चाळीस वर्षं गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवला होता. मला पाहून ते गुडघ्यावर बसले, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हिला हिटरजवळ ठेवू नकोस, पोरी. लाकूड आकसतं."

कुमुदनं मला हिटरजवळच ठेवलं. तिची तीच दोन भजनं शाळेत वाजायची. तिथं कुणाला काय कळणार? लोक टाळ्या वाजवायचे, ती लाजून हसायची. प्रत्येक टाळी पुष्पीची होती. मी एकेक मनात ठेवत गेले.

डिसेंबर आला. दुपारी साडेतीनलाच अंधारायला लागलं. कारेनबाईंनी टेबलावर एक लांब मेणबत्ती लावली. तिच्यावर एकपासून चोवीसपर्यंत आकडे होते आणि रोज एक आकडा जळायचा. घरभर दालचिनीचा आणि भाजलेल्या बिस्किटांचा वास असे. मुलगा कागदाची हृदयाच्या आकाराची पाकिटं विणून खिडकीत टांगायचा. कुमुद त्याला मदत करायची आणि मग माझ्याशेजारी येऊन गुपचूप रडायची. तिला घरच्या बाजरीच्या भाकरीची आठवण यायची. मला तिची दया आली नाही. हे रडणंसुद्धा पुष्पीच्या वाट्याचं होतं, तेही हिनं घेतलं, एवढंच माझ्या मनात आलं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते सगळे गोड भात खायला बसले. त्यात एक अख्खा बदाम लपवलेला असतो. ज्याला सापडेल त्यानं तो गालात दडवून गप्प राहायचं, बाकीच्यांनी शोधत खात राहायचं आणि शेवटी त्याला बक्षीस मिळायचं, अशी तिथली गंमत. बदाम कुमुदला सापडला. बिचारा मुलगा भातावर भात खात राहिला, आणि ती गप्प. शेवटी तिनं बदाम काढून दाखवला, तेव्हा कारेनबाई कौतुकानं म्हणाल्या, "वा! तोंड किती छान मिटून ठेवता येतं तुला!"

सगळे हसले. कुमुदचा चेहरा उतरला. तिनं बक्षिसाची मिठाई मुलाला देऊन टाकली आणि अंगणात बर्फात जाऊन उभी राहिली.

दोन दिवसांनी दुपारी गावच्या सभागृहात नाताळचा मेळावा होता. मध्यभागी छताला टेकणारं झाड, त्यावर खऱ्या मेणबत्त्या, भोवती हात धरून फेर धरलेली दीडशे माणसं. फेर थांबला आणि भारतातल्या मुलीला वाजवायला बोलावलं. तिनं पुष्पीच्या बापाचं ते आवडतं भजन सुरू केलं.

माझं लाकूड हिटरनं आकसलं होतं, हे खरंच. पण मित्रांनो, माझ्या मनात असतं तर तेवढी दोन भजनं मी निभावली असती. पहिली ओळ मी तिला वाजवू दिली. दुसऱ्या ओळीला तिनं काळी पट्टी दाबली, बोट उचललं, आणि मी ती पट्टी वर सोडलीच नाही.

भोंऽऽ असा एकच सूर सुरू झाला. ती दुसऱ्या पट्ट्या दाबत होती, पण त्या आवाजाखाली सगळं बुडून जात होतं. तिनं भाता थांबवला तशी मी थांबले. पुन्हा भाता हलवला, पुन्हा भोंऽऽ. मुलं कानांवर हात ठेवून हसायला लागली, मग मोठेही हसले. तिनं तिसऱ्यांदा करून पाहिलं. मी ओरडले. इतके महिने कुणाला ऐकू न आलेलं माझं ओरडणं होतं ते. कुमुद उठली आणि कोट न घालताच घरी पळाली. झाडाखाली मी एकटी उरले. मला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आजही लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रार्थना आटोपून येन्सआजोबांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं आणि माझी वरची फळी उघडली. कुमुद सुजलेल्या डोळ्यांनी शेजारी बसली होती. ते इंग्रजीत बोलत, तेही हळूहळू.

"इथं पेन्सिलीनं काही लिहिलंय," ते म्हणाले. "काय आहे?"

कुमुदनं वाकून वाचलं. तिचा श्वास माझ्या सुरांवर आला.

"बनवणाऱ्याचं नाव आहे," ती म्हणाली.

आजोबांनी मान हलवली आणि पट्टीची कड पॉलिशपेपरनं घासू लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "आमच्या ऑर्गनच्या आतही एकाचं नाव आहे. दोनशे वर्षांपूर्वीचं. माणूस अशा जागी लिहितो ना, ते दुसऱ्याला दाखवायला नसतं. म्हणून ते खरं असतं. काय नाव आहे बनवणाऱ्याचं?"

ती पुन्हा माझ्यावर वाकली. मग तिनं ती ओळ जशीच्या तशी वाचून दाखवली आणि तिचा अर्थ सांगितला.

"पुष्पी कोण?"

"माझ्या वर्गातली."

"तिला वाजवता येतं?"

"फार सुंदर."

आजोबांचा हात थांबला. "मग तू इथं कशी?"

कुमुदनं टेबलावर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. दिवाणखान्यातली ती दुपार, बापाचं बोलणं, स्वतःचं गप्प राहणं. मला वाटलं, आता म्हातारा हिला झापेल. त्यांनी आवाजही चढवला नाही. माझी फळी पुन्हा बसवली, हात धुतले आणि तिच्यापुढं कागद ठेवला.

"उद्या सोमवार आहे, टपाल निघेल," ते म्हणाले. "हे पत्र मला लिहिता येणार नाही. तुलाच लिहावं लागेल."

तिनं पुष्पीला पाच पानं लिहिली. फेब्रुवारीत उत्तर आलं. साधं कार्ड, एकच ओळ. 'पेटी नीट आण. बाकीचं तू आल्यावर.' ती ओळ वाचून मला समजलं, की आता सूड घेणारी मी एकटी नाही.

जुलैमध्ये आम्ही काष्टीला परतलो. त्याच संध्याकाळी पुष्पी आप्पासाहेबांच्या दारात आली. कुमुद तिचे हात धरायला गेली, तर ती मागं सरकली.

"घरात रडून माफी मागितलेली मला नकोय," पुष्पी म्हणाली. "तुझ्या वडलांनी माझं नाव चारचौघांसमोर कापलं नाही, मुकाट कापलं. तू मात्र चारचौघांसमोर सांगायचंस."

रविवारी शाळेच्या मैदानावर कुमुदचा सत्कार होता. सारा गाव आला होता. केशरबाई नगरहून आल्या होत्या. आप्पासाहेब फेटा बांधून, लेकीनं गावाचं नाव साता समुद्रापार कसं नेलं ते सांगत होते. मला फुलांच्या टेबलक्लॉथवर ठेवलं होतं. "आता आमची कुमुद पेटी वाजवील," असं म्हणून ते बसले.

कुमुद माईकपाशी आली. "माझी निवड झाली नव्हती," ती म्हणाली. "पुष्पीची झाली होती. तिच्या आईनं नकार दिला, असं माझ्या वडलांनी खोटं कळवलं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले."

आप्पासाहेब ताडकन उठले. "पोर दमलीय परवासानं. काय बी बोलतीय!"

केशरबाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि खाली बायकांत बसलेल्या भागूबाईला विचारलं, "बाई, तुम्ही नाही म्हणाला होता का?"

भागूबाई उभी राहिली. एवढ्या माणसांत ती कधी बोलली नव्हती. "मला कुनी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. "मला सांगितलं, नाव बसलं न्हाई. मी हळदकुंकू लावून पेटी दिली ह्यांला." मग ती आप्पासाहेबांकडं वळली. "मला दुसरं काय बी नको. माझ्या पोरीचं वरीस तेवढं द्या."

आप्पासाहेब खुर्चीत बसले. गावात ज्याचा शब्द चालायचा, त्याच्याकडं एकही शब्द नव्हता. मी ते डोळे भरून पाहिलं.

पुष्पी मंचावर चढली. लोकांना वाटलं, आता ती वाजवणार. तिनं मला उचललं, डोक्यावर घेतलं आणि गर्दीतून घराकडं चालू लागली. मागं माईक तसाच उघडा होता, पण त्यावर बोलायला कुणी गेलं नाही.

आप्पासाहेबांना समितीतून जावं लागलं. ते दोन वर्षं लेकीशी बोलले नाहीत. पण पुष्पीला पुन्हा जाता आलं नाही, तिचं वय नियमात बसत नव्हतं. ते वर्ष कुणालाच परत देता आलं नाही. म्हणून माझा राग संपला नाही.

मित्रांनो, मला ऊन लागू देऊ नका, ओल्या हातानं शिवू नका, एवढं तर सगळ्याच पेट्या सांगतील. मी आणखी एक सांगते. माझ्यापुढं बसायच्या आधी, ही पाळी कुणाची आहे ते विचारा.

आता पुष्पाबाई गावातल्या मुलींना पेटी शिकवतात. गेल्या उन्हाळ्यात एक म्हातारा काठी टेकत दाराशी आला. आप्पासाहेब. बरोबर सुट्टीला आलेली कुमुदची मुलगी होती.

"हिला शिकायचंय," ते खाली बघत म्हणाले. "जरा लवकर घेता का?"

पुष्पाबाईंनी हात थांबवला नाही. "हिच्या आधी अकरा मुली आहेत. नंबरानं होईल. बसा."

आप्पासाहेब पायरीवर बसले. ऊन पायापासून छातीपर्यंत चढलं. आत एकेक मुलगी येत होती आणि माझ्यापुढं बसत होती. मी घाई केली नाही.