हरिबाची पद्मिनी आणि बजाबाईंची लोकर

मला एकाच दिवशी, एकाच नंबरवरून, दोन फोन आले. पहिला हरिबाचा. रविवारी येऊन गाडी बघा, काय किंमत असेल ती सांगा, पण बजासमोर जरा सांभाळून सांगा, असं त्याचं म्हणणं होतं. तासाभरानं त्याची बायको बजाबाई बोलल्या. अप्पांनी कुणाची भीड धरू नये, अगदी खरं सांगावं, आणि खरं म्हणजे भंगार म्हणावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

हरिबाची वस्ती कुंभारीच्या पुढं आहे. पंचवीस-तीस मेंढरं, दहा-बारा शेळ्या, थोडी ज्वारी. तरुणपणी तो सोलापुरात एका डॉक्टरांचा ड्रायव्हर होता. अठरा वर्षं त्यानं एकच गाडी चालवली. प्रीमियर पद्मिनी, १९८७ सालची, सगळ्यात साधं मॉडेल. डॉक्टर पुण्याला मुलाकडं राहायला गेले तेव्हा गाडी हरिबाच्या नावावर करून देऊन गेले. ती त्यानं काही वर्षं चालवली. मग एकदा बंद पडली ती पडलीच. गेली चौदा वर्षं ती गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी होती.

आता हरिबाला ती पुन्हा रस्त्यावर आणायची होती. बजाबाईंना त्या जागेवर शेळ्यांची शेड हवी होती. दोघांनी असं ठरवलं की अप्पा म्हणतील ते. अप्पा म्हणजे मी. गाडी करण्यासारखी आहे असं मी म्हटलं तर गाडी राहील. नाही म्हटलं तर सोमवारी सकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन येईल. त्याला बजाबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मी सोलापुरात चाळीस वर्षं गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग केलं. जुनी गाडी घ्यायच्या आधी लोक मला दाखवायला न्यायचे. मी लोहचुंबक आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जायचो, आणि बरोबर माझी बायको रत्नम्मा असायची. पहिल्यांदा ती नुसती फिरायला म्हणून आली होती. मग दर वेळी येऊ लागली. मी गाडीभोवती फिरून पत्रा बघायचो, ती डाव्या बाजूनं चपला काढून आत जाऊन बसायची. गाडीत कुणी चपला काढून बसतं का, म्हणून मी तिला हसायचो. ती म्हणायची, लोकाची वस्तू आहे. पाच मिनिटांनी ती कानडीत एक शब्द बोलायची. ‘ब्याड’ म्हणजे नको, आणि ‘नडीतैति’ म्हणजे चालेल. माझं आणि तिचं जुळलं नाही तर मी माझंच खरं करायचो, आणि मग वर्षभरात तिचं खरं ठरायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. तिलाही नाही.

तिला जाऊन आठ महिने झाले. त्यानंतर तीन लोक गाडी दाखवायला बोलवायला आले, तिघांनाही मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. हरिबाला सांगता आलं नाही. रत्नम्मा गेली तेव्हा बजाबाई पाच दिवस आमच्या घरी राहून भाकरी थापत होत्या. मी जेवलो नाही की ताट माझ्यासमोरून उचलायच्या नाहीत, तिथंच बसून राहायच्या.

तर रविवारी अकराच्या सुमारास मी स्कूटरवरून वस्तीवर पोचलो. हरिबानं पांढरा सदरा घातला होता, जणू मुलगी बघायला पाहुणे येणार होते. गाडीही त्यानं धुतली होती. म्हणजे वरून धुतली होती. हवा जाऊन चारी चाकं बसली होती आणि टपावर एक कोंबडी बसली होती. बजाबाई ताक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, कोंबडी धरून किंमत सांगायची का सोडून, ते आधी ठरवा.

मी कामाला लागलो. कापडात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवलं. जिथं ते चिकटत नाही तिथं पत्रा गेलेला असतो आणि वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. मागच्या डाव्या मडगार्डवर आणि दोन दारांच्या खालच्या पट्टीवर ते घसरलं. बाकी ठीक होतं. काचा मूळच्या. इंजिन जाम, पण सगळं जागेवर. कागदपत्रं हरिबानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडता ठेवली होती.

तो माझ्या मागं मागं फिरत होता आणि दर दोन पावलांना गाडीचं कौतुक करत होता. हिला कुणी हात लावला नाही, कंपनीतून आली तशी आहे, असं त्याचं चाललं होतं. ते खरं होतं. पण कंपनीतून आली तेव्हाच तिच्यात फारसं काही नव्हतं. रेडिओच्या जागी पत्र्याचं झाकण, घड्याळाच्या जागीही झाकण, दारांना चकचकीत पट्ट्या नाहीत.

हे मी बोलून दाखवल्यावर बजाबाईंना जोर आला. त्यांनी मला डावीकडच्या दाराशी नेलं आणि दाखवलं. आरसा एकच, ड्रायव्हरच्या बाजूला. काचेच्या वर ऊन अडवायची पट्टी एकच, तीही ड्रायव्हरच्या बाजूला. हात टेकवायला दारावर दांडा आहे, तो ड्रायव्हरच्या बाजूला.

“हिकडं कायबी न्हाय,” बजाबाई म्हणाल्या. “डॉक्टरनं अर्धीच गाडी घेतली. आनि हितं बसायचं कुनी, तर मी. संध्याकाळी सोलापूरला निगालो की ऊन तोंडावर. सगळी वाट डोळ्यावर पदर धरून बसायची, आनि हे म्हणायचे, बघ की गं, किती छान दिसतंय.”

“पदर तरी हुता की,” हरिबा म्हणाला.

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, त्यामुळं माझं मलाच जरा चुकल्यासारखं वाटलं, आणि मी चुंबक उगाच पुन्हा एकदा दारावरून फिरवलं.

आता खरी गोष्ट सांगायची वेळ आली होती, म्हणून मी दोघांना बाजेवर बसवलं आणि सांगितलं. साध्या मॉडेलची अडचण अशी की करायला खर्च उंची मॉडेलइतकाच येतो. रंगवाला, इंजिनवाला, गादीवाला, कुणी साधं मॉडेल म्हणून कमी घेत नाही. पण तयार झाल्यावर शौकीन माणूस उंची मॉडेलला तीन लाख देतो आणि हिला दोन. हिला करायला पावणेदोन-दोन लागतील. म्हणजे जेमतेम तोंडमिळवणी. आणि तीसुद्धा खालचा पत्रा, म्हणजे पाय ठेवतो ती जमीन, चांगली असेल तर. ती कुजली असेल तर आणखी साठ-सत्तर हजार. मग मी नाहीच म्हणणार.

हरिबाचा चेहरा उतरला. बजाबाई उठून चुलीकडं बघून आल्या. मला वाटलं होतं, त्या खूश होतील, पण तशा दिसल्या नाहीत.

जमीन बघायची तर गाडीखाली शिरायला हवं. चाकं बसलेली, माझा गुडघा तसला. वरून बघावं तर आत लोकर भरलेली. मेंढरं कातरली की येणारी सगळी लोकर बजाबाई चौदा वर्षं त्या गाडीत कोंबत आल्या होत्या. एक घोंगडीला गेली की दुसरी आत. हरिबा पहिल्यांदा भांडला होता, तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं होतं की चालत नाही तर निदान धरून तरी ठेवू दे काहीतरी. लोकर ओल धरते. चौदा वर्षं ओल धरलेल्या लोकरीखाली पत्रा राहिला असेल, असं मला वाटेना. मी मनात नाही म्हणून मोकळा झालो होतो.

तरी आम्ही तिघांनी मिळून लोकर बाहेर काढली आणि बाजेवर रचली. खाली रबराची मॅट होती, पत्र्याला घट्ट चिकटलेली. मी डाव्या दारातून आत पाय टाकणार, तोच बजाबाईंनी अडवलं. “चपला काडा अप्पा. खाली लोकर हाय अजून, घोंगडीला जायाची हाय ती.”

मी चपला दाराशी काढल्या आणि आत बसलो. पुढची सीट एकसलग आहे, बाकासारखी. मी पाय खाली टेकले. टाच दाबली. मग दुसरीकडं दाबली. बूट घातला असता तर मला काही कळलं नसतं. अनवाणी टाचेला लगेच कळतं. कुजलेला पत्रा मॅटखाली पापडासारखा दबतो. हा दबत नव्हता. मी सरकत सरकत स्टिअरिंगपर्यंत गेलो, कोपऱ्यांत टाचा दाबून बघितल्या. कुठंच दबला नाही.

रत्नम्माही अशीच पाय हलवत बसायची. मी समजायचो, तिचे पाय अवघडलेत.

ती काय बघायची, हे मी तिला तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, तिला अंदाज लागतो. अंदाज नव्हताच तो. ती माझ्यापेक्षा नीट तपासत होती, आणि मी बाहेर चुंबक फिरवत तिच्या चपलांना हसत होतो.

मी स्क्रू-ड्रायव्हरनं मॅटचा कोपरा उचकटला. खालचा पत्रा काळपट आणि तेलकट होता. खरवडलं तर खालून पांढरं लोखंड चमकलं. बोट चिकट झालं, मेंढराचा वास आला. मला कारण नक्की सांगता येणार नाही, पण लोकरीतला चिकटपणा उन्हाळ्यात पाझरून मॅटखाली उतरला असावा आणि पत्र्याला वंगण लावल्यासारखा बसला असावा. आम्ही पैसे घेऊन गाड्यांना खालून जे करतो, ते बजाबाईंनी चिडून फुकट केलं होतं.

मी उजव्या दारानं उतरायला पाय बाहेर काढले आणि थांबलो. चपला डाव्या दाराशी राहिल्या होत्या. रत्नम्मा अशीच दुसऱ्या दारानं उतरायची, आणि मी कुरकुरत गाडीला वळसा घालून तिच्या चपला हातात घेऊन यायचो. लोकांसमोर मुद्दाम जोरात कुरकुरायचो. मी पाय बाहेर सोडून तसाच बसून राहिलो. कशाची वाट बघतोय, ते थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं.

बजाबाईंच्याही आलं असावं. त्या वळसा घालून आल्या आणि चपला माझ्या पायांशी ठेवल्या. “रत्नाक्का असती तर एक शब्द तरी बोलली असती,” त्या म्हणाल्या. “तुमी नुसतेच बसलाय. काय ते सांगा की.”

“नडीतैति,” मी म्हणालो.

हरिबाला कानडी समजतं. त्यानं टपावरची कोंबडी हाकलली.

मग मी सगळं मराठीत सांगितलं. जमीन शाबूत आहे. साठ-सत्तर हजार वाचले, आणि ते लोकरीनं वाचवले. फायदा होणार नाही, तोटाही होणार नाही. करण्यासारखी आहे.

बजाबाईंनी कमरेवर हात ठेवले. “म्हंजे माजी शेड मीच घालवली की.”

“लई उपकार झाले,” हरिबा म्हणाला, आणि जपून दोन पावलं मागं सरकला.

जेवताना बजाबाईंनी अट घातली. गाडी होऊ दे, पण त्यांच्या बाजूला ऊन अडवायची पट्टी पाहिजे. मला खरं सांगणं भाग होतं. साध्या मॉडेलला जी काही किंमत आहे ती ते जसंच्या तसं असण्याला आहे. या मॉडेलला नसलेली वस्तू बसवली की शौकीन माणूस तेवढ्यावर बोट ठेवणार आणि दहा-पंधरा हजार पाडून मागणार. म्हणजे मग ही तोंडमिळवणीसुद्धा राहत नाही.

सकाळपासून कंपनीतून आली तशी, कंपनीतून आली तशी म्हणणारा हरिबा भाकरीचा तुकडा हातात धरून विचार करत राहिला.

“पाडू द्या,” तो म्हणाला. “इकायची कुनाला हाय?”

मग किंमत काढायला मला कशाला बोलावलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकते. बजाबाई म्हणाल्या, मी कुणाचंच ऐकत नाही, पण अप्पा आठ महिन्यांत घराबाहेर पडले नव्हते, ते पडले. आणि त्यांनी मला न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

हात धुतल्यावर त्यांनी हरिबाच्या खिशातून फोन काढला आणि भंगारवाल्याला लावला. उद्या टेम्पो आणू नका म्हणाल्या. तिकडून तो काहीतरी बोलत राहिला, बहुतेक डिझेलचं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मग विचारलं, तुमच्याकडं मोडीत निघालेल्या पद्मिनी येतात का. येत असतील तर डाव्या बाजूची, ऊन अडवायची पट्टी काढून ठेवा.

“आनि दाराला धरायचा दांडा असला तर तोबी,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघितलं. “अजून किती पाडतील हो अप्पा?”

मी म्हटलं, आरसा राहिला.

त्यांनी आरसाही सांगितला.