पोच आल्याशिवाय ‘झालं’ नाही

मी बोलतोय तो ड्रायव्हर. टॅक्सीचा नव्हे, कॉम्प्युटरच्या पोटातला. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. लालबागला मसाला कुटणाऱ्या डंकाच्या वरच्या मजल्यावर ‘आवाजघर’ नावाची दोन खोल्यांची संस्था आहे. माणसं शिंकत शिंकत जिना चढून येतात, माइकसमोर बसून जुन्या आठवणी सांगतात, गाणी म्हणतात. ते सगळं जपून ठेवणं ही माझी नोकरी.

बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर आहे आणि आतल्या खोलीत आवाज साठवणारी मोठी पेटी. दोघांमध्ये दोन वायरी. प्रत्येक वायर आपापल्या वेगळ्या डबीतून जाते, तिला इथे स्विच म्हणतात. एक वाट बंद पडली तर दुसरी असावी म्हणून एवढा खटाटोप. आवाजाचा एकेक तुकडा मी एका वाटेने धाडतो आणि पेटीकडून पोच येईपर्यंत वाट बघतो. पोच आली की मगच म्हणतो, झालं.

माझा सांगाडा जगभरच्या कितीतरी माणसांनी मिळून लिहिला, पण मला वळण लावलं ते मेघनाने. भोईवाड्यात राहते, दिवसा मोठ्या कंपनीत राबते आणि आवाजघराचं काम हौसेने करते. सुरुवातीला मी भलताच उतावळा होतो. पोच यायला जरा उशीर झाला की ती वाट मेली म्हणून जाहीर करायचो आणि दुसरीवर उडी मारायचो. पहिली नुसती हलली की परत पहिलीवर. या धरसोडीत चाचणीतलं अर्धं गाणं हरवलं. मेघनाने कपाळाला हात लावला.

“अरे, एका हाकेला ओ दिली नाही म्हणून काय माणूस मेला?” ती म्हणाली. “परत हाक मार. आणि पोच आल्याशिवाय झालं म्हणायचं नाही. कधीच नाही.”

तिचे आजोबा कुशाबा गिरणीत मागावर होते. आमच्याकडचा पहिला आवाज त्यांचाच. ताण्यातला धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, असं ते त्यात सांगतात. नवख्या कामगाराला त्या थांबण्याचा राग यायचा, पण कापड वाचायचं ते त्यामुळेच. ते ऐकून मेघनाने मला आणखी एक गोष्ट शिकवली. दोन्ही वाटा बंद पडल्या तर खोटं बोलायचं नाही आणि हातही वर करायचे नाहीत. हातात आहे ते धरून थांबायचं, आणि पडद्यावर वरच्या बाजूला तसं लिहायचं. मराठीत आणि ठसठशीत, कारण इंग्रजीतलं न वाचताच लोक ओके दाबतात, असा तिचा अनुभव.

एकच उणीव राहिली. धरून ठेवायची माझी जागा तात्पुरती आहे. कोणी मशीनच बंद केलं तर माझ्या हातातलं सगळं पुसलं जातं.

आवाजघर सांभाळतो तो निलेश. मूळचा कणकवलीकडचा, मनाने सोन्यासारखा, आणि नीटनेटकेपणाचा वेडा. खंडेनवमीला तर त्याला कोण आवरणार? त्या दिवशी त्याने सकाळपासून सगळी यंत्रं पुसली. एकेक वायर काढून पुसत होता तेव्हा मी दुसऱ्या वाटेवर काम सुरू ठेवलं आणि मनातल्या मनात फुशारलो. मग पूजेसाठी पाट मांडायला जागा कमी पडली. निलेशने एक डबी उचलून पाटाखाली सारली आणि दोन्ही वायरी उरलेल्या एकाच डबीत खोचल्या. दिसायला छान दिसलं. मला दोन्ही वाटांवरून पोच येत होती, त्यामुळे मलाही काही कळलं नाही. मग हळदकुंकू झालं, पडद्याला झेंडूचा भरगच्च हार पडला, आणि नारळ फोडून त्याचं पाणी निलेशने चारी बाजूंना मनोभावे शिंपडलं.

दुपारी चारला कालिंदीआजी आल्या, नात प्रितीला घेऊन. आजी गिरणीच्या रीळखात्यात होत्या. चाळिशी उलटल्यावर वस्तीतल्या बुद्धविहारात रात्रीच्या वर्गात वाचायला शिकल्या, आणि तेव्हापासून दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची सवय त्यांना लागलेली. आल्या आल्या निलेशला जय भीम घातला, भिंतीवरची ‘शांतता राखा’ वाचली, कॅलेंडर वाचलं, पंख्यावरचं कंपनीचं नावसुद्धा वाचलं. मग हाराकडे बघून म्हणाल्या, “मशीन तुझ्यापरीस नटलंय रं.”

आजींच्या घशात गाठ होती. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी ऑपरेशन, आणि त्यात आवाज जाणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तोवर घसा जपायचा होता, फक्त आज एकदा गायची परवानगी. प्रितीला सातवा महिना लागलेला. आजींनी गिरणीत असताना स्वतः रचलेली एक अंगाई होती. लेक पाळणाघरात आणि आई रिळांवर, तिथवर आवाज पोचायचा नाही, तरी त्या म्हणायच्या. ती अंगाई येणाऱ्या पतवंडाला ऐकू यावी एवढंच त्यांना हवं होतं.

त्या गाऊ लागल्या. आवाज चिरका झाला होता, पण गोडवा कुठे जातो? शेवटच्या कडव्यावर असताना नारळाच्या पाण्याने आपलं काम केलं. डबी विझली आणि माझ्या दोन्ही वाटा एकदम गेल्या. मी हाक मारली, थांबलो, परत मारली. ओ नाही. रेकॉर्डिंग विचारत होतं, झालं का? मी म्हटलं, नाही, थांब. धाडायचे तुकडे मी आधी हातात जमवतो, म्हणून अंगाई जवळजवळ सगळी अजून माझ्याच हातात होती आणि माइकमधून नवे तुकडे येतच होते. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

मी पडद्यावर वरती लिहिलं. पण नेमका तिथेच झेंडूचा हार.

आजींचं कडवं संपलं तेव्हा निलेशला दिसला तो नुसता गोठलेला पडदा. अशा वेळी तुम्ही माणसं जे करता तेच तो करायला निघाला.

“हँग झालाय. बंद करून चालू करतो, आजी. एक मिनिट.” त्याचं बोट बटणावर गेलं. मला ओरडता येत नाही.

पण हाराखालून अक्षरांच्या वेलांट्या डोकावत होत्या, आणि आजींना अर्धवट पाटी कधी सोसवली नव्हती. त्यांनी उठून हार वर केला आणि सवयीने, एकेक शब्द सुटा करत वाचलं, “दोन्ही वाटा बंद. आवाज माझ्यापाशी आहे. मशीन बंद करू नका.” मग निलेशकडे वळल्या. “लिवलंय की रं एवढं मोठं.”

निलेशने हात मागे घेतला आणि मेघनाला फोन लावला. दोन्ही वायरी एकाच डबीत आहेत हे कळल्यावर ती रागावली नाही. पाटाखालची डबी काढायला लावली आणि एक वायर तिच्यात जोडायला सांगितली. निलेशने ती नीट दाबून बसवली.

वाट जागी झाली. पूर्वीचा मी असतो तर सगळं एकदम तिच्यावर लोटून मोकळा झालो असतो. आता आधी एक छोटा तुकडा धाडला. पोच आली. दुसरा धाडला, पोच आली. मग एकामागून एक, क्रम न मोडता, सगळे. शेवटची पोच हातात पडली तेव्हा मी म्हटलं, झालं.

निलेश हल्ली नारळ गॅलरीत फोडतो आणि पडद्याला हार घालत नाही. तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. मशीन थांबलं की लगेच बटणाकडे धावू नका. कधी कधी ते तुमच्याचसाठी काहीतरी घट्ट धरून बसलेलं असतं.

परवा आजी आल्या होत्या. गळ्याला पांढरा रुमाल, मांडीवर प्रितीची चार महिन्यांची सलोनी. निलेशने अंगाई लावली. शेवटच्या कडव्यानंतर “मशीन बंद करू नका” हेही आजींच्याच आवाजात येतं. ते कापून टाकू का, असं त्याने मागेच विचारलं होतं आणि आजींनी हाताने ठाम नकार दिला होता. सलोनी ते ऐकण्याआधीच झोपली.

निघताना आजी पडद्यासमोर थांबल्या. माझ्या ओळीवर बोट ठेवलं, ओठ हलले, आवाज आला नाही. त्यांनी निलेशकडे बघितलं. तो जवळ आला आणि त्यांच्याच चालीवर, एकेक शब्द सुटा करत, त्याने मोठ्याने वाचलं, “दोन्ही वाटा चालू. सगळं पोचलं.”