गुळावरचे तीर्थ

सन १९४१. आखाडा बाळापूरच्या बाजारात त्या दिवशी बैल कमी आणि माणसे जास्त होती. व्यंकटरावांच्या ओट्यावर सागरगिरी महाराज बसले होते, पुढे लाल पाण्याची बाटली. हे तीर्थ फ्रान्स देशातल्या देवाचे. निर्दोष माणसाच्या जिभेवर ते मऊ उतरते, चोराच्या जिभेला डसते, असे ते सांगत. बाटलीवरची अक्षरे कोणालाच वाचता येत नव्हती, म्हणून तो मंत्र ठरला. मोहाची दारू नुसत्या वासावरून ओळखणारे गावात किमान चाळीस जण होते. देवाचे म्हटल्यावर चाळिसांचीही नाके बंद झाली.

व्यंकटरावांच्या घरातली गळ्यात घालायची चांदीची सरी गेली होती. घर सारवायला बंजाऱ्यांच्या तांड्यावरची मोतीबाई येई, त्यामुळे संशयाला फार लांब चालावे लागले नाही. तिच्या लेकीची सोयरीक तांड्यातल्याच थावराच्या पोराशी ठरत आली होती. थावराने सांगून ठेवले होते, तीर्थ डसले तर सोयरीक मोडली.

तीर्थाआधी महाराज प्रत्येकाला प्रसाद देत. गावातल्यांना लोणी-मीठ लावलेला भाकरीचा तुकडा, तांड्यातल्यांना गुळाचा खडा. तुमच्यात गूळ खाऊन शब्द देतात ना, मग घ्या, असे लाडाने म्हणत. मीही त्या गर्दीत होतो, बसल्या बसल्या मोजले. लोणीवाले व्यंकटरावांसकट अकरा, अकराही निर्दोष. गूळवाले सहा, सहाही चोर. सरी मात्र एकच गेली होती.

सातवी मोतीबाई. तिने गूळ खाल्ला, घोट घेतला आणि तिचे तोंड वाकडे झाले.

"डसलं," महाराज शांतपणे म्हणाले. थावराने उठून जोडे पायात घातले.

तेवढ्यात मोतीबाईचा चुलता नेमसिंग पुढे आला. हा बारा वर्षे सिकंदराबादेत एका गोऱ्या साहेबाकडे खानसामा होता. त्याने पेला उजेडाकडे धरला, गोल फिरवला, नाक आत घातले, मग घोट तोंडात खळखळवला. हा उलटा मंत्र असावा असे समजून पुढच्या रांगेने हात जोडले.

"काका, काय करून राहिले?" मोतीबाईने विचारले.

"चव पाहून राहिलो, पोरी. द्राक्षाची दारू हाय ही, फ्रान्सातल्या बोर्दोकडची. उघडी राहून जरा आंबली." मग तो व्यंकटरावांकडे वळला. "मालक, मी ही पहिल्यांदा साहेबाला हलव्यासंगं दिली होती. साहेब म्हणाला, माझ्या जिवावर उठला काय? तवापासून खाऱ्या, चरबीच्या खाण्यासंगंच दिली. तुमी आता गूळ खाऊन घोट घ्या."

एकाच माणसाने दोनदा तीर्थ घेतले तर देव कोपतो, असे महाराजांना तेव्हाच आठवले. व्यंकटराव घुटमळले.

"तुमाला काहून भीती?" नेमसिंग म्हणाला. "सरी तर तुमचीच गेली."

व्यंकटरावांनी गूळ खाल्ला, घोट घेतला. कडुलिंब चघळल्यासारखा चेहरा झाला. स्वतःच्या सरीचे ते स्वतःच चोर निघाले. मग मोतीबाईने चूळ भरली, लोणी-मिठाची भाकरी खाल्ली आणि पुन्हा घोट घेतला. तिने ओठांवरून जीभ फिरवली.

"आता डसत न्हाई," ती म्हणाली. "पण एवढं कौतुक करण्यासारखंबी काही न्हाई."

जिलबीवर चहा प्यायला तर फिका लागतो; म्हणून चहातली साखर कोणी चोरली असे आपण म्हणत नाही. गोडावर ही दारू आंबट-तुरट लागते, मीठ आणि लोणी तिचा तुरटपणा मारतात. चमत्कार एवढाच. जिभेला खाल्लेले कळते, केलेले कळत नाही. चोर धरायचा तर पुरावा शोधावा, आणि कोणी चमत्कार दाखवलाच तर आधी त्याने काय खायला घातले ते विचारावे.

महाराजांना औंढ्याला तातडीचे काम निघाले. बाटली राहिली. सरी काही सापडली नाही, हेही सांगितले पाहिजे.

थावराने जोडे पुन्हा काढले आणि उरलेल्या गुळाचा खडा तोंडात टाकला. तांड्यात गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. वर एक घोट चालेल का, म्हणून त्याने बाटलीकडे पाहिले. नेमसिंगने नव्या व्याह्यासमोरच बूच घट्ट बसवले.

"न्हाई इवाई. गोडावर ती शोभत न्हाई."