करड्या घोडीचे पंधरा जीबी

तुर्दुमातचे शेवटचे शब्द मेदेरनं पुसून टाकले आणि त्यामुळे करडी घोडी मेली.

असं काही घडलेलं नाही. डोंगरातल्या नारिन गावच्या बाजारात कुणालाही विचारा. मेदेर लॅपटॉप दुरुस्त करतो, घोड्यांशी त्याचा संबंध ताटातल्यापुरता. डिस्क जुनी होती, गेली. जुन्या डिस्का जातात.

मेदेरचं दुकान म्हणजे मालगाडीवरून उतरवलेला एक लोखंडी डबा. त्यात एके सकाळी काचकिन शिरला. हा तुर्दुमातचा धाकटा भाऊ. त्यानं थोरल्याचा लॅपटॉप टेबलावर आपटला.

"जागा कर यात. भावाला जाऊन वर्ष होतंय, वर्षाचं जेवण आलंय. त्याचं शूटिंग घालायचंय. शिवाय पोराच्या लग्नाचं आहेच, सात तासांचं."

"सात तास? बाइके, लग्न तरी टिकलं का तेवढं?" मेदेर म्हणाला. थोरल्या माणसाला नारिनमध्ये बाइके म्हणतात, थोरल्या बाईला एजे.

"तू जागा कर. तोंड नको चालवू."

नारिनमधले सगळे जुने लॅपटॉप जर्मनीतून वापरून आलेले. प्रत्येकाच्या पोटात एक लपलेली खोली असते. विकत घेतलं त्या दिवशी यंत्र जसं होतं, तसंच ते तिथं घडी घालून ठेवलेलं असतं. सुरू होताना एक ठरावीक कळ दाबली की यंत्र झालंगेलं विसरून कोरं होतं आणि जर्मन बोलायला लागतं. जर्मन बोलणाऱ्या कोऱ्या यंत्रावाचून नारिनमध्ये आजवर कुणाचं अडलेलं नाही. लग्नाच्या व्हिडिओंना जागा मात्र घरोघरी कमी पडते. म्हणून लॅपटॉप आला की आधी ती खोली पाडायची. पंधरा जीबी मोकळे. मेदेर हे काम डोळे मिटून करायचा.

तेव्हाही मिटूनच केलं.

दोन दिवसांनी काचकिनची वहिनी आली, तुर्दुमातची बायको बुरुल. तिच्या एका हातात लॅपटॉप होता आणि दुसऱ्या हातात गरम बोर्सोकची पिशवी. तळलेल्या पिठाच्या वासानं डबा भरून गेला.

"खा आधी," ती म्हणाली. "मग यातला तुझ्या तुर्दुमात बाइकेचा आवाज काढून दे."

"कसला आवाज, एजे?"

"केरेज रे. बोलून ठेवलंय त्यांनी. मला म्हणाले, कुणाजवळ बोलू नकोस, वर्षाचं जेवण आलं की मेदेरकडे ने. त्याला जागा ठाऊक आहे."

मेदेरच्या हातातला स्क्रूड्रायव्हर आपणहून टेबलावर जाऊन पडला.

मरणाऱ्याचा शेवटचा शब्द म्हणजे केरेज. नारिनमधला माणूस सरकारला फसवील, सासऱ्याला फसवील, पण केरेज मोडणार नाही.

"काय बोललेत ते मला माहितीये," बुरुल म्हणाली. "करडीला कापू नका. तिला कुरणात म्हातारी होऊ द्या. पण माझं ऐकतंय कोण? दीर म्हणतो, वहिनी, घोडी तुझी लाडकी, म्हणून मेलेल्याच्या तोंडी घालतेस. वर्षाच्या जेवणाला घोडं कापायचं नाही तर पाहुण्यांना काय गाजरं वाढायची? हे असं होणार ते त्यांना माहीत होतं, म्हणून तर बोलून ठेवलं. घरात आता मी आणि ती, दोघीच आहोत मेदेर."

"पण एजे, ते लपलेल्या जागी कशाला ठेवायचं? समोर ठेवायचं, चारचौघांसारखं."

"समोर लग्नं असतात. दीर येताजाता पुसत असतो. आणि तूच सांगितलंस ना त्यांना, इथं चहा पिता पिता? यात एक खोली आहे, तिथं कधी कुणी बघत नाही म्हणून."

सांगितलं होतं. तुर्दुमात जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस. त्याला कशाच्याही आत काय आहे ते विचारायची खोड होती. आणि मेदेरला सांगायची.

"डिस्क जुनी झालीय, एजे," मेदेर म्हणाला. "बघतो."

ती गेल्यावर त्यानं डब्याचं दार आतून लावलं आणि पुसलेलं उकरून काढणारा प्रोग्राम सुरू केला. पण पाडलेल्या खोलीवर काचकिनच्या पोराचं लग्न येऊन बसलं होतं, सातही तास. खालून निघाली ती मदतीची काही जर्मन पानं, कमरेखालचेच नाचणारे पाहुणे आणि चार सेकंदांचा आवाज. एक खोकला, खुर्ची सरकल्याचा कर्रकन आवाज, मग तुर्दुमात: "आवाज येतोय का?"

मेदेरनं ते पुन्हा पुन्हा ऐकलं. वाढलं नाही.

त्याला एक वाक्य बोलता आलं असतं. मी स्वतः ऐकलंय, घोडी कापू नका म्हणाले. लोकांनी मानलंही असतं. पण मग विचारलं असतं, ऐकलंस तर गेलं कुठं? आणि बाजारात त्याच्या डब्यासमोर दुरुस्तीचे आणखी दोन डबे होते, दोन्ही गिऱ्हाइकांची वाट बघत बसलेले.

जेवणाच्या आदल्या सकाळी बुरुलच्या घरी म्हातारी मंडळी जमली. मेदेरनं आवाज लावला. त्यांच्यात सगळ्यांत थोरला, पांढऱ्या दाढीचा पंच म्हणजे झुमगाल अक्सकाल. त्यानं कानामागे हात धरला.

"परत लाव."

परत लावला.

"पुढं?"

"पुढं नाही. डिस्क जुनी होती," मेदेर म्हणाला.

"जुनीच होती," काचकिननं भर घातली. "या पोरानं जीव तोडून मेहनत केलीय."

झुमगालनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "केरेज ते केरेज. लहान असो, मोठं असो, पाळावं लागतं."

"यात घोडीचं नाव आहे का?" काचकिननं विचारलं.

"नाही."

"मग घोडीचं मी बघतो," काचकिन म्हणाला. "केरेजचं तुम्ही बघा."

बुरुल चहा ओतत होती. मेदेरचा वाडगा भरताना ती वाकली आणि त्याच्यापुरतंच म्हणाली, "तिथं कुणी बघत नाही म्हणाला होतास. खरंच नाही बघितलंस."

मग केरेज पाळण्यात आलं. सगळे पुरुष अंगणात गेले, डोंगराकडे तोंड करून रांगेत उभे राहिले आणि झुमगालनं हात वर करताच एका आवाजात ओरडले, "येतोय!" कुत्री भुंकली. खुंट्याला बांधलेल्या करडीनं मान वर करून कान टवकारले आणि रस्त्याकडे बघत राहिली. तुर्दुमात घरी यायचा तो त्याच रस्त्यानं. तिला बराच वेळ तसंच बघू दिलं. मग काचकिननं बाह्या वर केल्या.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं. शूटिंग उत्तम आलं, जागा पुरून उरली. निघताना प्रत्येक पाहुण्याच्या हातात रिवाजाप्रमाणे मांसाची पिशवी देण्यात आली. ती नाकारणं म्हणजे मेलेल्याचा अपमान. मेदेरनं घेतली. घरी नेववेना, टाकवेना, म्हणून डब्यातल्या खिळ्याला टांगली. थंडी इतकी होती की वास यायचाही प्रश्न नव्हता.

आठवडाभरानं बुरुल लॅपटॉप घेऊन पुन्हा आली. पिशवीकडे तिनं पाहिलं आणि तिच्याकडे पाठ करून बसली.

"अर्ज लिहायचाय."

"कुणाला, एजे?"

"ज्यांनी हे बनवलं त्यांना. तू म्हणायचास ना, कळ दाबली की घेतल्या दिवसासारखं होतं?"

"होतं," मेदेर म्हणाला. त्यानं लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "ती खोली पाडली नसेल तर."

ते बुरुलला आधीच माहीत होतं.

"लिही," ती म्हणाली.

मेदेरनं त्याच लॅपटॉपवर लिहिलं.

प्रति,
मा. व्यवस्थापक, दुरुस्ती विभाग, जर्मनी.

विषय: मूळ स्थिती परत मिळण्याबाबत.

महोदय,

सदर यंत्र आमच्या घरी आले त्या दिवशी घरात पती एक व करडी घोडी एक, दोन्ही चालू अवस्थेत होते. यंत्रातील राखीव खोली नारिन येथील दुरुस्तीवाल्याने न बघता पाडली असून तो हा अर्ज स्वतः टंकित करीत आहे. तरी आपल्या नियमानुसार यंत्र व त्यासोबतचे सर्व काही त्या दिवसाप्रमाणे पूर्ववत करून मिळावे, ही नम्र विनंती. कळ दाबण्यास अर्जदार स्वतः हजर राहील. पूर्ववत झाल्यावर दोघेही जर्मन बोलू लागले, तरी अर्जदाराची हरकत नाही.