ब्रेनरची चौदा मिनिटं

"नाणं एक केलं, सरहद्दीवरचे पोलीस हटवले, आणि या लोकांना विजेची तार तेवढी एकसारखी करता येत नाही," गाडीच्या खिडकीतल्या बाईंनी नवऱ्याला ऐकवलं. नवऱ्याने पाव खात मान डोलावली.

खाली, इंजिन आणि पहिल्या डब्याच्या मधल्या बोळकांडीत वाकलेली नोटबुर्गा गालात हसली. पंचवीस वर्षांत ही तक्रार तिने चार भाषांत ऐकली होती. इटलीच्या तारेतली वीज वेगळी, ऑस्ट्रियाच्या तारेतली वेगळी. म्हणून ब्रेनरच्या खिंडीत गाडी चौदा मिनिटं थांबायची. एका देशाचं इंजिन नोटबुर्गाने सोडवायचं, दुसऱ्याचं जोडायचं.

आज फलाटावर ब्रुसेल्सच्या युरोपीय कचेरीतले वाउटरसाहेब थांब्याची मिनिटं मोजायला घड्याळ घेऊन उभे होते. स्टेशनमास्तरांनी सकाळीच सांगितलं होतं, काळजीचं काही नाही, फक्त अभ्यास आहे. कॉफीवालीही अभ्यासच म्हणत होती आणि एकच कप पुन्हा पुन्हा पुसत होती.

नोटबुर्गाचा जोडीदार सिल्वानो मात्र दोन दिवस हिशेब मांडत होता. सावकाश केलं तर म्हणणार वेळ फुकट जातो. भराभर केलं तर म्हणणार दोघं कशाला हवीत. त्यापेक्षा आपण आजारी पडू या, असं त्याने सुचवलं.

"तू पड खुशाल," ती म्हणाली. "माझं काम बघायला जन्मात पहिल्यांदा कुणी आलंय."

टोपी नीट करून ती कामाला लागली. इटलीचं इंजिन सोडवून तिने पुढे धाडलं. ऑस्ट्रियाचं इंजिन मागे मागे येत अलगद टेकलं. तिने जडशीळ कडी उचलून आकड्यात टाकली, आवळली, हवेच्या नळ्या जोडल्या, ब्रेक तपासून हात वर केला. अकरा मिनिटं. सिल्वानोने टाळ्या वाजवल्या, कॉफीवालीनेही.

वाउटरसाहेब मनापासून खूश झाले. वहीत लिहीत त्यांनी अदबीने विचारलं, या थांब्यात काही सुधारणा सुचवाल का? पुढेमागे कामाचं स्वरूप थोडं बदलू शकतं, असंही पुटपुटले. स्टेशनमास्तर आपल्या बुटांकडे बघू लागले.

नोटबुर्गाने हातमोजे काढले.

"दोन्ही तारांखाली चालणारं इंजिन परवा मालगाडीला पाहिलं मी. थांबलंच नाही इथे. देखणं आहे हो." तिने वहीकडे बोट केलं. "मग सरळ लिहा ना साहेब. आता आमची गरज नाही."