फाडायची पत्रं

अनुपमाने सातव्या ट्रंकेवर खडूने ‘अ’ लिहिला आणि जयवंतकाकांनी तो लगेच बाहीने पुसला.

“ह्याला ‘क’ दे. रद्दी आहे नुसती.”

काका कोकणातल्या एका गावाच्या मुंबई मंडळाचे जुने चिटणीस. गावचे गिरणीकामगार राहायचे ती परळची खोली सुटली तशा ट्रंका जोगेश्वरीच्या ह्या ऑफिसात आल्या. कुठले कागद मोलाचे ते ठरवायला मंडळाने अनुपमाला बोलावलं होतं. ‘अ’ची यादी यंदा व्हायची. ‘क’ मानखुर्दच्या गोदामात जायचं, आणि तिथून परत कोण आणतंय!

“काका, नाटकाच्या हँडबिलांना ‘ब’ दिला तर केवढे भांडलात. आणि ही रद्दी?”

तिने झाकण पुन्हा उघडलं. आत नुसती पोस्टकार्डं. प्रत्येकावर गावाकडे कुणीतरी वारल्याची खबर, बहुतेक बायाच.

मयताचं पत्र वाचलं की फाडायचं, घरात ठेवायचं नाही. गिरणीतल्या कित्येकांना वाचता येत नसे, म्हणून काका वाचून दाखवायचे. “फाड रे ते,” म्हणून माणूस डोळे पुसत आंघोळीला जायचा.

“तुम्ही फाडली नाहीत.”

“पहिली दोन फाडली. मग हातच होईना. हे लवूच्या आईचं बघ, भागीरथी. तिच्या घावण्यांचं तो असं काही सांगायचा ना, जेवून उठलेली अख्खी खोली पुन्हा भुकेली व्हायची.” काका हसले. “विश्वासाने फाडायला दिलेली गं. यादी झाली की त्यांची पोरं विचारतील, म्हाताऱ्याने ही कशाला ठेवली?”

“तुमच्या सगळ्या वह्यांत बाप्यांचीच नावं आहेत, काका. ह्या बायांचं नाव मुंबईत दुसरीकडे कुठे आहे?”

काकांनी भागीरथीचं कार्ड ट्रंकेत परत ठेवलं. मग त्यांनी खिशातून घडीवर झिजलेलं एक कार्ड काढलं.

“ट्रंक द्यायच्या आधी एवढं काढून घेतलेलं. माझ्या आवशीचं.”

अनुपमाने हात पुढे केला. कार्ड त्यांच्या बोटांतून लवकर सुटेना.

“शेवटी घाल. सगळ्यांचं झाल्याशिवाय आई कधी जेवली नाही.”

अनुपमाने कोरा कागद ओढला, कार्डावरचं नाव वाचलं आणि एक नंबरला लिहिलं: सत्यभामा.

काकांनी ते पाहिलं. वाकून खडू उचलला आणि मघाशी पुसलेला ‘अ’ ट्रंकेवर पुन्हा लिहिला.